बोट नापास, मी नाही

माझ्या थोरल्या बहिणीला धक्क्यावर सगळे 'खिळा' म्हणतात. एकदा जिथे ठोकली तिथून हलत नाही, म्हणून. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. पाठीमागे म्हणतात, आणि तिला ते पक्कं ठाऊक आहे. मी ताई म्हणते. ती चोपन्नची, मी सत्तेचाळीसची. तिच्या बोटीबद्दल धक्क्यावर बरंच काय काय सांगितलं जातं. त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेल्याला आमच्या दादाने तिखटमीठ लावलंय. म्हटलं, आता मीच सांगते, म्हणजे एकदाचा विषय मिटेल.

मी धक्क्यावरची बर्फाची खोली सांभाळते. लाद्या फोडायच्या, काट्यावर तोलायच्या, खोक्यांत भरायच्या आणि निघणाऱ्या बोटींना द्यायच्या. दिवसभर गारठ्यात राहून माझं डोकं तेवढं तापलेलं असतं, असं ताई म्हणते. म्हणू दे. तिचं कोणतं थंड असतं?

ताईने सव्वीस वर्षं खोल समुद्रात मासे मारले. जाळं नाही, लांब दोर आणि गळ. किनारा दिसेनासा झाला की इंजिन बंद करायचं, बोट वाऱ्यावर सोडायची आणि हाताने दोर ओढायचा. खोल समुद्राचा परवाना असलेली आमच्या धक्क्यावरची ती एकटीच बाई. इंजिन बंद झालं की बोट लाटेला आडवी होते आणि डोलायला लागते. एक बाजू खाली, मग दुसरी बाजू खाली, पाळण्यासारखी. तिच्या पायांना ते इतकं सवयीचं झालं होतं की घरी जमिनीवर उभी असली तरी ती जराशी डोलायची.

गेल्या वर्षी हंगामाच्या शेवटाला अशाच एका झोक्यात ती दोरासकट इंजिनाच्या पेटीवर आदळली. खुबा मोडला. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि स्पष्ट सांगितलं, "चालाल, जिने चढाल. डोलत्या बोटीवर उभं राहणं मात्र विसरा."

आता दादाचं ऐका. दादा आमच्यात सगळ्यात मोठा. त्याच्या तीन बोटी, धक्क्याच्या समितीचा अध्यक्षही तोच. नवे परवाने निघणं कधीच बंद झालंय. आहेत तेवढ्यांवर भागवायचं. एखाद्याने सबंध हंगामात एकही फेरी केली नाही तर त्याचा परवाना समितीकडे जातो, आणि समिती म्हणजे कोण ते मी सांगायला नको. दादाच्या जावयाकडे परवाना नव्हता. दादा वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. ताईच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तो लहान मुलासारखा रडला होता. पण रडून झाल्यावर डोळे पुसले आणि ताई अजून खाटेवर असतानाच तिची बोट विकून टाकली. घरची कामं अडू नयेत म्हणून तिने त्याला एक कागद सही करून दिला होता, त्याच कागदावर. पैसे तिच्या नावावर ठेवले, तक्रारीला जागा नाही. म्हणाला, "तिच्या भल्यासाठीच केलं. डोळ्यासमोर बोट असेल तर ती गप्प बसणार आहे का?"

बोट डोळ्यासमोर नव्हती तरी ती गप्प बसली नाही, एवढं सांगते.

दवाखान्यातून ती माझ्याकडे राहायला आली. एके दुपारी मी कामावरून घरी आले तर स्वयंपाकघरात जमिनीवर लोखंडी पाइपाचा तुकडा, त्यावर आडवी फळी, आणि फळीवर आमची ताई उभी. एक हात ओट्यावर, दुसऱ्या हातात सुताराची पातळी बघायची काचेची पट्टी. ती फळी हळूहळू एका बाजूला कलवत होती आणि ओठ दाबून बुडबुड्याकडे बघत होती.

"पडलीस तर तुला उचलायला कोण येणार?" मी ओरडले.

"तू आलीस की," ती म्हणाली. "बघ, आता नीट बघ." तिने फळी जोरात हलवली, झटकन, पण थोडीशीच. काही झालं नाही. मग सावकाश कलवली, बरीच. तिचा चेहरा पांढरा पडला आणि तिने ओटा धरला. "झटका सोसतो," ती म्हणाली. "झुकणं सोसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं डोलत्या बोटीवर उभं राहायचं नाही. बरोबर आहे त्यांचं. म्हणजे मला न झुकणारी बोट पाहिजे."

"न झुकणारी बोट धक्क्याला बांधलेली असते," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप चहा ठेवला.

इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री आमच्या वडिलांच्या वेळचे. सत्तरी उलटली, पण हात अजून ग्रीसमध्येच. त्यांनी तिला दोन बुडांच्या बोटीबद्दल सांगितलं. एकाच्या जागी दोन अरुंद बुडं, अंतर ठेवून शेजारी शेजारी, आणि वर दोघांना जोडणारा सपाट डेक. दोन्ही बुडांच्या मधून पाणी आरपार जातं, त्या जागेला बोगदा म्हणतात. अशी बोट उभी राहिली की टेबलासारखी राहते. लाट आली की पटकन उचलली जाते, पटकन बसते, पण पाळण्यासारखी कलत नाही. शिवाय प्रत्येक बुडाला आपापलं इंजिन, एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. ताईने ऐकून घेतलं आणि चार दिवस दुसऱ्या कशाबद्दल बोलली नाही.

धक्क्यावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. दोन बुडांच्या बोटी तोवर आमच्याकडे फक्त हौशी लोक सुट्टीला आणायचे. दादा बर्फाच्या खोलीच्या दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दोन डगरींवर पाय ठेवणारा मधल्या मध्ये पडतो, हे आमच्या बहिणीला कुणीतरी सांगा." सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला बोलू? ताईने पुन्हा समुद्रात जाऊ नये असंच मला वाटत होतं. ती घरात होती, जिवंत होती, रोज माझ्याशी भांडत होती. मला तेवढं पुरेसं होतं.

हंगाम संपायला सात आठवडे उरले असताना तिने पहिली बोट चाचणीला बोलावली. नवी कोरी, पांढरीशुभ्र. विकणारा माणूसही तसाच, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं गुळगुळीत. ताई काठी टेकत चढली आणि तासाभराने परत आली ती अशी, की विचारू नका. गाल लाल, केस विस्कटलेले. बाहेर इंजिन बंद करून ती चक्क अर्धा तास काठीशिवाय उभी राहिली होती. सहीच करायला निघाली होती ती.

मला कळून चुकलं. ही आता जाणार. काहीतरी करून मोडता घालायचा म्हणून मी जे तोंडाला आलं ते बोलले, "रिकाम्या बोटीचं काय कौतुक? बर्फ नाही, पाणी नाही, मासे नाहीत. नुसतं फिरायला जाणार आहेस का? भरून चालव म्हणावं."

विकणारा हसला. "बाई, चाचणी अशीच होते. सगळीकडे अशीच होते. बर्फाने डेकला ओरखडे पडतील."

आणि गंमत म्हणजे तो खरं बोलत होता. आमच्याकडे बोट कायम रिकामीच बघतात. बाप मुलाला घेऊन येतो, दोघं एक चक्कर मारतात, पळते छान, वळते छान, झाला सौदा. मग सबंध आयुष्य ती बोट भरून चालवायची. पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. मी नुसता खवचटपणा केला होता.

ताई मात्र थांबली. मग विक्रेत्याला म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. भरायची."

वीस खोकी बर्फ मी स्वतः तोलून दिला. पाण्याचे पिंप, इंधनाच्या टाक्या काठोकाठ. माशांच्या वजनाला वाळूच्या गोण्या. रिकामी असताना बोगद्याचं छत पाण्यापासून दोन विती वर होतं. भरल्यावर जेमतेम एक वीत उरली. बंदराच्या भिंतीबाहेर लाटा फार नव्हत्या, पण प्रत्येक लाट बोगद्यात शिरून छतावर आदळायला लागली. धाड. धाड. धक्क्यावर उभ्या असलेल्या मलाही तो आवाज ऐकू येत होता. छत म्हणजे तिच्या पायाखालचा डेक. प्रत्येक दणका टाचेतून सरळ खुब्यात. फळीवरचा झटका आणि हा दणका यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं.

परत आली तेव्हा तिला दोघांनी धरून उतरवलं. कपाळावर घाम, ओठ करकचून मिटलेले. दादा तिथेच होता. तो हळू आवाजात, अगदी मायेने म्हणाला, "झालं समाधान? आता तरी पुरे कर."

ताईने श्वास घेतला. "बोट नापास झाली, दादा. मी नाही झाले."

त्या संध्याकाळी समितीची नोटीस बर्फाच्या खोलीच्या दारावर लागली. समितीचा बर्फ यापुढे बोटींच्या चाचणीसाठी वापरायचा नाही. सही दादाची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? मी ती नोटीस वाचली आणि तेव्हा मला पहिल्यांदा दादाचा राग आला. तोवर मी त्याच्याच बाजूची होते. फक्त तसं कुणाला बोलून दाखवत नव्हते.

दुसऱ्या बोटीचा पत्ता मिस्त्रींनीच काढला. एका निवृत्त पाणबुड्याची, तीन तासांवर. बर्फाच्या टेम्पोतून आम्ही दोघीच निघालो. मी चालवत होते. निम्मा रस्ता झाल्यावर ताईने खिडकीबाहेर बघतच विचारलं, "माझ्या बोटीच्या विक्रीच्या कागदावर साक्षीदार म्हणून तुझी सही आहे. सही करताना वाचला होतास का कागद?"

वर्षभर मी या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तरही तयार होतं, की दादाने घाईत पुढे केला, दवाखान्याची धावपळ होती, बघितलंच नाही. ते उत्तर काही तोंडातून बाहेर पडेना.

"वाचला होता," मी म्हटलं. "सगळा."

"हं," ती म्हणाली.

मला वाटत होतं तिने शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत द्यावी. तिने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, एक स्वतः घेतलं आणि एक माझ्यापुढे धरलं. ते बिस्कीट गिळताना मला जेवढा त्रास झाला तेवढा आयुष्यात कशाचा झाला नसेल.

पाणबुड्याची बोट गवतात गाडीवर चढवलेली होती. दिसायला अगदी अवलक्षणी. रंग उडालेला, उंचच उंच, खाली दोन अरुंद बुडं, जणू काटकुळ्या पायांवर उभी असलेली पेटी. बोगदा एवढा उंच की मी खाली वाकून आरपार गेले. ताई वर चढलीच नाही. तिने काठी बाजूला ठेवली, गवतात चटई टाकून पाठीवर झोपली आणि सरकत सरकत बोटीखाली गेली. बोगद्याचं छत जिथे बुडांना मिळतं त्या कोपऱ्यांवरून तिने बोटं फिरवली, कुठे तडा आहे का बघत. मग काठीच्या मुठीने ठोकत गेली, टक टक टक, आणि प्रत्येक वेळी कान लावून ऐकलं. मग दोन्ही इंजिनं धरून मागची फळी हलते का बघितलं. शेवटी प्रत्येक बुडाच्या तळाचं बूच काढायला लावलं. उजव्यातून काही आलं नाही. डाव्यातून बादलीभर पाणी आलं.

पाणबुड्या शेजारी उभा राहून सगळं बघत होता. म्हणाला, "एका स्क्रूच्या भोकातून येतं. मी सांगणारच होतो, पण तोवर कुणी विचारायला थांबत नाही. आत्तापर्यंत नऊ जण आले. सगळ्यांनी आधी सुकाणू धरून बघितलं. खालून सुरुवात करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"वाईट काय आहे हिच्यात?" ताईने विचारलं.

"वाऱ्याला लागते, उंच आहे ना. आणि जोरात वळवली तर आतल्या बाजूला कलायच्या ऐवजी बाहेर फेकते. सवय होईपर्यंत जीव घाबरा होतो. दिसायला कशी आहे ते तुमच्यासमोर आहेच."

"दिसायला मीही काही कमी नाही," ताई म्हणाली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा तिला खळखळून हसताना ऐकलं मी.

बोट आमच्या धक्क्यावर आली तेव्हा हंगामाचे पाच दिवस शिल्लक होते. भोक बुजवलं होतं, इंजिनं मिस्त्रींनी उघडून साफ केली होती. आता बंदर कार्यालयाचे साहेब हवे होते. दुखापत झालेल्या माणसाला पुन्हा खोल समुद्रात सोडायचं तर साहेब स्वतः बोटीवर येतात, इंजिन बंद करून त्याला अर्धा तास दोर ओढायला लावतात आणि मग फॉर्म भरतात. फॉर्मवर तीन रकाने. बोट, चालक, आणि सोबतचा माणूस, कारण एकट्याने जायला परवानगीच नाही. साहेब दोन दिवसांनी येतो म्हणाले.

बोट भरायची तर बर्फ नाही. नोटीस दारावरच होती. ताईने ती शांतपणे वाचली आणि धक्क्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. सकाळची वेळ, बोटी परत आलेल्या, सगळे हजर.

"बर्फ मिळणार नाही, तर नको," ती म्हणाली. आवाज तिला कधी चढवावा लागलाच नाही. "मला सातशे किलो वजन पाहिजे. ज्याला ज्याला वाटतं ही बोट बुडेल, त्याने परवा वजन म्हणून यावं. बुडताना जवळून बघायला मिळेल."

आता सांगा, अशा वेळी मागे कोण हटणार? हटला तो भित्रा ठरणार. सात जण आले, आणि त्यात दादा आणि जावईही आले, कारण दादा आला नसता तर लोक काय म्हणाले असते? मी एकेकाला बर्फाच्या काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. काटा वापरू नका असं नोटिशीत कुठे लिहिलं नव्हतं. दादा चौऱ्याण्णव भरला. "बर्फाची सव्वादोन खोकी," मी ओरडून सांगितलं, आणि त्या दिवशी लोक कुणाला हसत होते ते तुम्हीच समजा. मिस्त्री आणि साहेब धरून सगळी बेरीज केली तर साठ किलो कमी पडत होते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला पोहता येत नाही. धक्क्यावर जन्म गेला माझा, पण बंदराच्या भिंतीपलीकडे मी कधी गेले नव्हते. लहानपणी वडिलांनी एकदा नेऊन बघितलं होतं. मी इतकी किंचाळले की त्यांनी अर्ध्या वाटेतून बोट परत फिरवली. आणि माझं वजन काही साठ नाही. पण काट्यावर चढले. आकडा मात्र मोठ्याने वाचला नाही.

बाहेर वारा होता, लाटाही बऱ्यापैकी होत्या. बोट माणसांनी गच्च भरलेली, तरी लाटा बोगद्यातून सळसळत निघून जात होत्या. छताला पाणी लागत नव्हतं. एकदा वळताना बोटीने आमचा अंदाज चुकवला, सगळे बाहेरच्या बाजूला कलंडले, ताईचाही तोल गेला. तिने वेग कमी केला, दात खाऊन उभी राहिली आणि पुढचं वळण म्हातारीने रस्ता ओलांडावा तसं सावकाश घेतलं. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं.

मग इंजिनं बंद. बोट लाटेला आडवी झाली. मी डोळे मिटून घेतले, आता कलणार म्हणून. ती कलली नाही. पटकन उचलली गेली, पटकन बसली, पुन्हा उचलली गेली. डोलण्याला सरावलेल्या माणसांना तो ठेका मानवत नाही. दहा मिनिटांत जावई कठड्यावर ओणवा झाला. त्याच्या शेजारी मी. कठडा ओला आणि निसरडा, म्हणून आम्ही एकमेकांना धरून होतो.

ताई काठीशिवाय दोर ओढत होती. दोराच्या टोकाला साहेबांनी लोखंडी वजन बांधलं होतं. हातावर हात, हातावर हात, पाय जरा फाकलेले, नजर पाण्यावर. अर्धा तास झाला. साहेबांनी घड्याळ बघून थांबा म्हटलं. ती म्हणाली, "एवढा राहिलाय तो वर येऊ दे," आणि उरलेला दोरही काढला. साहेब स्वतः मात्र दोन्ही हातांनी खांब धरून उभे होते. दादा तिच्याकडे एकटक बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटतं त्याला आमचे वडील आठवत असावेत, पण ते त्याचं त्याला माहीत.

येताना साहेबांनी एक इंजिन बंद करायला लावलं. एकाच इंजिनावर आम्ही बंदरात शिरलो.

धक्क्याला लागल्यावर साहेबांनी बोटीतच फॉर्म मांडीवर घेतला. "बोट, योग्य," ते बोलत बोलत लिहीत होते. "चालक, योग्य. वळणं सावकाश घ्यायची, हे मी खाली लिहितोय. सोबतचा माणूस?"

आलेल्या सातांपैकी दोघं घरचेच, आणि उरलेले पाचही दादाच्या बोटींवर काम करणारे, नाहीतर समितीने जागा दिलेले. सगळे मूग गिळून बसले. मिस्त्रींनी हात वर केला. साहेब म्हणाले, "साठीच्या पुढे चालत नाही हो, काका." मिस्त्रींनी हात खाली घेतला आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"माणूस नसेल तर फॉर्म अर्धवट राहील," साहेब म्हणाले. "हंगाम परवा संपतोय."

ताईने सगळ्यांकडे एकदा बघितलं. दादाकडे नाही बघितलं. माझ्याकडेही नाही. विनवणी करणं तिला जन्मात जमलं नाही. ती सुकाणूवर हात ठेवून उभी होती. नाव, बोट, सव्वीस वर्षं, सगळं त्या एका रिकाम्या रकान्यात अडकलं होतं, आणि ती एक शब्द बोलणार नव्हती.

"माझं लिहा," मी म्हटलं.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. माझ्या पदरावर अजून ओकारीचे डाग होते.

"तू?" दादा म्हणाला. "तुला पोहता तरी येतं का?"

"नाही येत. फॉर्मात विचारलंय का?"

"विचारलेलं नाही," साहेब म्हणाले. "जाकीट घालावं लागेल."

"घालीन."

"आणि बर्फाची खोली कोण बघणार?" दादाचा आवाज चढला.

मी कमरेची किल्ली काढली आणि जावयाच्या हातात ठेवली. बिचारा अजून हिरवापिवळा होता. "तुम्हाला काम पाहिजे होतं ना? हे घ्या. बर्फ हलत नाही, उलट्या होणार नाहीत."

साहेबांनी माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव विचारून, सावकाश, सुवाच्य अक्षरात. दादा उतरला आणि घराकडे चालायला लागला. त्याच्या मागोमाग बाकीचेही एकेक करून गेले. बोटीवर आम्ही दोघीच राहिलो.

"तुला उलट्या होतात," ताई म्हणाली.

"होऊ देत."

"मी सांगेपर्यंत दोराला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"बोटीवर मी म्हणेन ते ऐकायचं."

"घरी काय वेगळं असतं?"

तिने तोंड फिरवलं आणि दोर गुंडाळायला घेतला. तो आधीच नीट गुंडाळलेला होता. तिने सोडला आणि पुन्हा गुंडाळला. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि त्याही दिवशी तिने मला बघू दिलं नाही.

"उद्या सहाला निघायचं," ती पाठमोरीच म्हणाली. "उशीर केलास तर सोडून जाईन."

मला खूप भीती वाटत होती. मी पाचलाच जाऊन बोटीत बसले.